डोळा, बोट आणि घड्याळ : अन्न बिघडले हे कसे ओळखावे?



या अंकातील अभ्यासपाठ स्वयंपाकघरातला आहे. पुढचे अन्न खाण्याजोगे आहे की बिघडले आहे, हे पाहून आणि हाताला लावून कसे ओळखायचे?

पूर्णा-नांदेड रेल्वेमार्गावरच्या आपल्या चुडावा गावात आणि आसपासच्या वस्त्यांवर हा प्रश्न विचारला, तर बाया हसतील. भाताला तार सुटली, वरण फसफसले, पिठाला जाळी धरली, तेल खवट झाले, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. मग पाठ कशासाठी? दोन कारणांसाठी. पहिले, बिघडलेले कळते, पण टाकवत नाही. दुसरे, काही बिघाड कळतच नाही. तो ना दिसतो, ना हाताला लागतो. माणसे आजारी पडतात ती बहुधा या दोन ठिकाणी.

म्हणून पाठाचे सार आधीच सांगतो. डोळा आणि बोट ‘नको’ म्हणाले, तर तो शेवटचा निकाल समजावा. डोळा आणि बोट ‘चालेल’ म्हणाले, तर तो अर्धाच निकाल. उरलेला अर्धा घड्याळाला विचारावा.

१. अन्न बिघडते म्हणजे काय होते?

अन्नावर वाढणाऱ्या बारीक जिवांना तीन गोष्टी लागतात : ओल, ऊब आणि वेळ. ज्वारीची ताजी मऊ भाकरी पावसाळ्यात फडक्यात गुंडाळून ठेवली, तर एकदोन दिवसांत तिच्यावर बुरशीचे ठिपके येतात. तीच भाकरी वाळवून कडक केली तर कितीतरी दिवस टिकते. पीठ तेच, हात तोच. फक्त ओल गेली. पापड, सांडगे, सुकट, वाळवलेली मोहाची फुले, सगळ्यांमागे हीच युक्ती आहे. म्हणूनच वाळवणाची वस्तू हाताला मऊ किंवा चिकट लागू लागली, की समजावे, ओल परत आली आणि तिच्या मागोमाग बुरशी येणार.

हे बारीक जीव दोन तऱ्हेचे असतात. एक अन्न नासवणारे. ते वास आणतात, फेस आणतात, बुळबुळीतपणा आणतात, रंग बदलतात. ते स्वतःच आपली चाहूल देतात. दुसरे माणसाला आजारी पाडणारे. त्यातले बरेच अन्नाचा रंग, वास, चव काहीच बदलत नाहीत. निर्गमाच्या पुस्तकातली मान्न्याची कथा आपल्याला ठाऊक आहे. सकाळपर्यंत राखून ठेवलेल्या मान्न्यात किडे पडले, त्याला घाण सुटली. तिथे निदान दिसले तरी. आपल्या पातेल्यातला धोका पुष्कळदा दिसतही नाही.

एक गोष्ट वेगळी ठेवा. आंबणे आणि नासणे एक नव्हे. आंबील, ताक, दही, इडलीचे पीठ आपण मुद्दाम आंबवतो. त्याचा आंबटपणा स्वच्छ असतो आणि तोंडाला पाणी आणतो. नासलेल्याचा वास नको नको करतो, वर रंगीत बुरशी किंवा बुळबुळीत थर येतो. पण वरण, भात, भाजी आपण आंबवायला ठेवलेली नसते. ती आंबली, तर ती नासलीच.

२. धान्य : इथून सुरुवात करा

आपल्या भागात सर्वांत मोठी काळजी ज्वारीची. रब्बीची टपोरी ज्वारी मोत्यासारखी दिसते. परभणीच्या कृषी विद्यापीठाने काढलेल्या एका रब्बी वाणाचे नावच ‘परभणी मोती’ आहे. खरिपाच्या ज्वारीचे तसे नाही. कणीस भरून आले आणि नेमका पाऊस लागला, तर दाणा काळा पडतो. सोयाबीन आल्यापासून खरिपाची ज्वारी कमी झाली, पण काळी ज्वारी अजून बाजारात येते, स्वस्त मिळते, आणि स्वस्त असते म्हणून गरिबाच्या घरी जाते.

ती काळी का, हे समजून घ्या. ती बुरशी आहे. १९९५ मध्ये दख्खनच्या पठारावर, त्या वेळच्या आंध्र प्रदेशात आणि कर्नाटकात, अवकाळी पावसात भिजलेली बुरशीची ज्वारी आणि मका खाऊन २७ गावांत लोकांना पोटदुखी आणि जुलाबांनी गाठले. तपासणीत त्या धान्यात ‘फ्युमोनिसिन’ नावाचे बुरशीचे विष सापडले. खराब धान्य खाणे थांबले, तसा त्रासही थांबला.

त्याआधी १९७४ मध्ये राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल या शेजारी जिल्ह्यांतल्या आदिवासी गावांत याहून भयंकर घडले. मका पावसात भिजला, ओलाच साठवला गेला, त्यावर बुरशी आली. दुसरे धान्य नसल्याने लोकांनी तोच खाल्ला. आधी कावीळ, मग पोटात पाणी. नोंद झालेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ दगावले. त्या घरांतली कुत्रीही तशीच आजारी पडली. हे विष ‘अफ्लाटॉक्सिन’. ते यकृतावर घाला घालते आणि आपल्या रोजच्या भाजण्या-शिजवण्याने जात नाही. बांसवाड्यात जसा भिल्ल समाज आहे, तसाच आपल्या नंदुरबार-धुळ्यातही आहे. मका तिथेही साठवतात, भुईमूग सगळीकडेच खातात. म्हणून ही दूरची गोष्ट समजू नका.

धान्य घेताना आणि कणगीत भरताना अशी पारख करा :

● मूठभर दाणे पांढऱ्या कापडावर किंवा ताटात पसरून उजेडात पाहा. काळे, हिरवट, गुलाबी, सुरकुतलेले दाणे वेगळे काढा.

● संशय येईल तो दाणा नखाने दाबा. चांगला दाणा टणक असतो. बुरशीने खाल्लेल्या दाण्याचा भुगा होतो.

● दाणा दाताखाली धरून फोडा. ‘कट्’ असा आवाज आला तर वाळलेला आहे. दबला, चेपला, तर ओला आहे. अजून ऊन हवे.

● पोत्यात कोपरापर्यंत हात घाला. आत गरम लागले, दाणे एकमेकांना चिकटून गठ्ठे झाले असले किंवा कुबट वास आला, तर आत बुरशी चालू आहे.

● शेंगदाण्यात सुरकुतलेले, काळपट, हिरवी-पिवळी पूड आलेले आणि कडू लागणारे दाणे काढून टाका. कूट करण्याआधीच निवडा. कूट झाल्यावर डोळ्याला काही कळत नाही. हेच पिठालाही लागू. दळण टाकण्याआधी निवडलेले धान्य हीच पिठाची खात्री.

● बाजरीत दाण्यांच्या जागी लांबट काळपट गाठी दिसल्या, तर तो ‘अरगट’ रोग असू शकतो. १० लिटर पाण्यात २ किलो मीठ विरघळवून त्यात बाजरी टाकली, की या गाठी वर तरंगतात. त्या काढून जाळाव्यात आणि खालची बाजरी स्वच्छ पाण्याने धुऊन वाळवावी.

● लाल, निळा, हिरवा रंग लावलेले धान्य म्हणजे औषध चोळलेले बियाणे. पेरून उरले म्हणून धुऊन खाऊ नये. तो रंग इशारा देण्यासाठीच लावलेला असतो.

किडीबद्दल एक शब्द. सोंडे दिसले की आपण घाबरतो, आणि बुरशी दिसली की पुसून टाकतो. खरे तर उलट हवे. थोडे सोंडे लागलेले धान्य ऊन देऊन, पाखडून, निवडून वापरता येते. बुरशीचे विष मात्र पाखडून जात नाही.

३. शिजलेले अन्न

भात : दाणे एकमेकांना धरून चिकट झाले, बोटाने उचलल्यावर तार निघाली, खाली पाणी सुटले, तर टाकावा.

वरण, आमटी, भाजी : न हलवता वर बुडबुडे किंवा फेस आला असेल, तर आत जीव वाढत आहेत. उकळून ‘सरळ’ करू नये.

भाकरी, पोळी, पाव : एकाही ठिकाणी बुरशी दिसली तर सगळी टाकावी. बुरशीचे तंतू आत पसरलेले असतात. डोळ्याला दिसतो तो फक्त वरचा फुलोरा. पातळ पदार्थ, चटणी, शिजलेला भात यांनाही हाच नियम. गाजर, कोबी अशा घट्ट कच्च्या भाजीचा बिघडलेला भाग मात्र भोवतालच्या इंचभर चांगल्या भागासह कापून उरलेली वापरता येते.

दूध : तापवताना फाटले, तर ते आधीच आंबट झाले होते. दूध मुद्दाम लिंबू पिळून फाडणे निराळे आणि आपोआप नासणे निराळे. आपोआप नासलेले लेकरांना देऊ नये.

अंडे : पाण्यात टाका. आडवे तळाशी बसले तर ताजे, उभे राहिले तर जुने, तरंगले तर वापरू नये. आणि प्रत्येक अंडे आधी वाटीत फोडा, मग पातेल्यात घाला. एका नासक्या अंड्यापायी दहा वाया जायला नकोत.

मासे : गोदावरीचा असो की तळ्यातला, डोळे फुगीर आणि चकचकीत, कल्ले लाल, आणि बोटाने दाबल्यावर खळगा लगेच भरून येतो, तो ताजा. डोळे आत गेलेले, कल्ले तपकिरी, खळगा तसाच राहिला, तर परत करा.

तेल : घट्ट, काळसर, बोटाला चिकट, तापवताच फेस आणि धूर करणारे तेल पुन्हा पुन्हा वापरलेले किंवा खवट असते.

बटाटा : हिरवा पडलेला आणि खूप कोंब आलेला बटाटा कडू लागतो, त्यात विष तयार झालेले असते. थोडासा हिरवा भाग जाड कापून काढता येतो. सगळाच हिरवा झाला असेल तर टाकावा.

४. डोळ्याला जे दिसत नाही

फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यातील कोष्टवाडी येथे धार्मिक कार्यक्रमात भगर-आमटीचा प्रसाद खाल्ल्यावर सुमारे दोन हजार लोकांना उलट्या-जुलाबांचा त्रास झाला. त्याच महिन्यात बुलढाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यातील सोमठाणा येथेही प्रसादानंतर शेकडो लोक आजारी पडले. दवाखान्यात जागा पुरली नाही, तेव्हा बाहेर दोऱ्या बांधून त्यांना सलाईनच्या बाटल्या अडकवाव्या लागल्या.

विचार करा. ते अन्न बिघडलेले दिसले असते, तर इतक्या माणसांनी खाल्ले असते का? पंगतीत म्हातारी माणसे होती, स्वयंपाकाची जाणकार माणसे होती. कोणाच्याच डोळ्याला ते दिसले नाही.

भगरीबाबत अन्न व औषध प्रशासन सांगत आले आहे, की दमट हवेत तिच्यावर बुरशी वाढून विषारी द्रव्ये तयार होऊ शकतात. म्हणून सुटी भगर घेऊ नये, पाकिटावरची तारीख पाहावी, भगरीचे तयार पीठ विकत घेऊ नये किंवा साठवून ठेवू नये; भगर निवडून, धुऊन, वाळवून, लागेल तेवढीच घरी दळावी.

शिजलेल्या भाताचेही असेच आहे. तांदळातल्या एका जिवाची बीजे उकळूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ती वाढतात आणि उलटी करवणारे विष तयार करतात. ते विष पुन्हा तापवल्याने जात नाही. तसेच स्वयंपाक करणाऱ्याच्या बोटाला पिकलेली जखम असेल, तर तिच्यातले जीव अन्नात जाऊन विष करतात, आणि तेही उकळून नाहीसे होत नाही. म्हणूनच ‘उकळले की झाले’ हा भरवसा पुरा नाही.

इथे घड्याळाचे काम सुरू होते. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला सोपा आहे : शिजलेले अन्न साध्या हवेत दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, ठेवायचे तर ६० अंशांपेक्षा गरम किंवा ५ अंशांपेक्षा गार. मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो आणि बहुतेक वस्त्यांवर फ्रिज नाही. तेव्हा आपल्यासाठी नियम असा : एका वेळेला लागेल तेवढेच शिजवा. रानात न्यायचे असेल, तर भाकरी, सुकी चटणी, भाजलेले दाणे न्यावे. वरण-भात घरी खावा. शंभर माणसांच्या जेवणाचा भात मोठ्या पातेल्यात पहाटे शिजवून दुपारी वाढू नये. मोठ्या पातेल्याचा मधला भाग कित्येक तास कोमट राहतो.

५. टाकवत नाही, तेव्हा

अन्नाला आपण पूर्णब्रह्म म्हणतो. ज्या घरात उद्याच्या भाकरीची खात्री नाही, तिथे ‘टाकून द्या’ म्हणणे सोपे नाही, आणि असे सांगणाऱ्याने ते सहज बोलूही नये. पण हिशेब मांडून पाहावा. दोन भाकरींचे पीठ वाचवण्यासाठी लेकराला जुलाब लागले, तर दवाखान्याची गाडी, औषध आणि बुडालेली मजुरी मिळून महिन्याचे धान्य जाते. उंदराने कुरतडलेली, बुरशी लागलेली भाकरी सहसा आईच खाते. पोरांना चांगली देते. तीही वाचवायला हवी.

टाकलेले जनावरांपुढेही टाकू नका. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. त्यांच्या खाद्यातल्या शेंगदाण्याच्या पेंडीला बुरशी लागली होती. अफ्लाटॉक्सिनचा शोध त्यातूनच लागला. गाय-म्हशीने बुरशीची पेंड खाल्ली, तर विषाचा अंश दुधात उतरतो आणि फिरून आपल्याच लेकराच्या पेल्यात येतो. असे धान्य खड्ड्यात पुरावे.

टाकण्याची वेळच कमी यावी, हा खरा उपाय. धान्य उन्हात पुरते वाळवा, गार झाल्यावर भरा. पोती भिंतीला टेकवू नका, खाली लाकडी फळ्या किंवा विटा ठेवा. पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर एकदा कणगी उघडून पाहा. पीठ आठवड्यापुरतेच दळा.

६. स्वयंपाकिणीचा शब्द

१६ जुलै २०१३ रोजी बिहारमधील सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावच्या शाळेत माध्यान्ह भोजन खाल्ल्यावर २३ मुले मेली. स्वयंपाकाच्या तेलात कीटकनाशक होते. तेल बरोबर दिसत नाही, अशी शंका स्वयंपाकिणीने काढली होती, पण तिचे ऐकले गेले नाही, हे नंतर पुढे आले.

ही घटना नासलेल्या अन्नाची नाही, तरी या पाठाचा सर्वांत महत्त्वाचा धडा तिच्यात आहे. तिच्या डोळ्याने आपले काम चोख केले होते. कमी पडले ते तिच्या शब्दाचे वजन. आश्रमशाळा, वसतिगृह, अंगणवाडी, लग्नाची पंगत, सगळीकडे चुलीपाशी उभी असलेली बाई सर्वांत आधी पाहते, हुंगते, बोट लावते. पण ती मानधनावर असते, तिला भीती असते. म्हणून जिथे मुले जेवतात तिथे हे ठरवून टाका : स्वयंपाकिणीने ‘थांबा’ म्हटले, की पातेले थांबते. आधी थांबायचे, मग तपासायचे. तिला कोणी रागवायचे नाही, तिचे पैसे कापायचे नाहीत. मुलांना वाढण्याआधी मोठ्या माणसाने चव घ्यावी, हा शालेय पोषण आहाराचा नियमच आहे; तो वहीत सही करण्यापुरता राहू नये.

७. त्रास झालाच तर

उलट्या-जुलाब सुरू झाले तर पाणी बंद करू नका. दवाखान्यातले ओआरएस द्या. ते नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून घोट-घोट पाजा. चमचा चहाचा, लहान. अंगावरचे दूध चालू ठेवा. जुलाबात रक्त, सतत उलट्या, लघवी बंद, डोळे खोल गेलेले, चक्कर, थरथर, डोळ्यांत पिवळेपणा किंवा लेकरू मलूल पडणे, यातले एकही दिसले, तर १०८ ला फोन करा. एकाच जेवणानंतर अनेक जण आजारी पडले तर आशाताईंना लगेच कळवा आणि उरलेले अन्न झाकून वेगळे ठेवा. तपासणीला ते लागते.

गटात करण्यासाठी

१. प्रत्येकीने घरचे मूठभर धान्य आणि मूठभर शेंगदाणे आणावेत. ताटात पसरून निवडावेत. खराब निघालेले दाणे मोजावेत आणि ते कसे ओळखले, हे शेजारणीला सांगावे.

२. सकाळी शिजवलेले अन्न आपल्या घरात शेवटचे किती वाजता खाल्ले जाते? खरे उत्तर द्यावे. कोणी कोणाला हसू नये.

३. आपल्या अंगणवाडीत किंवा आश्रमशाळेत स्वयंपाकीण ‘थांबा’ म्हणू शकते का? म्हणू शकत नसेल, तर ते कोणाशी बोलून ठरवायचे, आणि बोलायला कोण जाणार? नाव ठरवूनच उठावे.